भोंग्यावरची सोयरीक

धान कापून झालं, भारे खळ्यात येऊन पडले, की आमच्याकडं मंडईचे दिवस लागतात. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, आधीच सांगून टाकते, कारण पुण्याकडची माझी सून लग्न होऊन आली तेव्हा पिशवी घेऊन निघाली होती. मंडई म्हणजे गावाचा सण. एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी गावात पाहुण्यांची रीघ, दुपारी काहीतरी खेळ आणि रात्री नाटक. ज्या घरी मंडईला पाहुणा आला नाही त्या घरावर लोक दया करतात. आमच्या घरावर दया करायची वेळ कधी कोणावर आली नाही. पाहुण्यांची अंथरुणं ओसरीत मावायची नाहीत, म्हणून अंगणात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर पसरून त्यावर सतरंज्या टाकायचो आणि कोण कोणाच्या कुशीत झोपलाय हे सकाळीच कळायचं. माय पहाटेपासून तांदळाचं पीठ भिजवून वडे तळायला बसायची. एकीकडं लाखोळीच्या डाळीचं पातेलं, दुसरीकडं कोंबड्याचा रस्सा, आणि त्या धुरात डोळे पुसत माय सारखी विचारायची, अजून कोण आलं? नाव ऐकलं की पिठात आणखी एक मूठ टाकायची.

या सगळ्यात खरी वाट पाहिली जायची ती शालिकमामाची. मायचा हा एकुलता एक भाऊ, तिच्याहून बराच धाकटा. आजी लवकर गेली, म्हणून मायनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो नाटक कंपनीत होता, वडशाच्या. खलनायक करायचा. रंगमंचावर त्याने मिशी पिळली की पुढं बसलेली पोरं मागं सरकायची, आणि घरी आला की तोच माणूस मायच्या पदराला हात पुसायचा. आवाज असा, की गावाच्या वेशीवर मायला "बाई" म्हणून हाक मारली की आमच्या चुलीपाशी ऐकू यायची. खरं सांगते, बाबांपेक्षा मला मामा जास्त आवडायचा. बाबा गुरुजी होते, घरातही गुरुजीच असायचे. मामा आला की घराला सुट्टी लागल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी मी चंद्रपूरच्या वसतिगृहातून मंडईसाठी घरी आले होते. बारावीला होते आणि नर्सिंगला जायचं हे माझं ठरलं होतं. माझं कसलं, ते बाबांचंच ठरलं होतं. विहारातल्या प्रत्येक सभेत बाबा उठून सांगायचे, पोरींना शिकवा, चूल त्यांची वाट पाहत कुठं जात नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी मागच्या रांगेत ताठ बसायची. गावातून बारावीपर्यंत पोचलेली पोरगी मी एकटीच होते. तेवढा तोरा असायचा, का नसावा?

आदल्या संध्याकाळी मामा आला तो एका सद्गृहस्थाला घेऊन. नदीपलीकडच्या गावचे, चांगले घरंदाज, पोरगा कोळसाखाणीत नोकरीला लागलेला. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी वाढत होते आणि पाहुणे माझ्याकडं पाहत होते, पण मंडईत पाहुणे सगळ्यांकडंच पाहतात. जेवता जेवता मामा बाबांना हळूच काही म्हणाला, पाहुणे हसले, बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. आमच्याकडं एक रीत आहे. ताटावर बसलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नसतं. अन्नाचा अपमान होतो म्हणतात. म्हणून बाबा गप्प बसले. मामाने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला तो लावला, आणि माय तेव्हा चुलीपाशी होती, तिच्या कानावर काहीच आलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त दुसऱ्यांदा रस्सा वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपलीकडच्या त्याच गावाशी क्रिकेटचा सामना. पूर्वी मंडईला बैलांच्या शर्यती असायच्या, पण तोवर रेडिओने पोरांना वेड लावलं होतं आणि आमच्या गावच्या पोट्ट्यांनी क्लब काढला होता. क्लब म्हणजे एक पेटी, दोन बॅटी आणि भांडणं. मैदान म्हणजे गावाबाहेरच्या धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, आमच्याकडची धानाची शेतं. मधले धुरे, म्हणजे बांध, पोरांनी खणून सपाट केलेले, कडेचा उंच धुरा तेवढा सीमारेषा म्हणून ठेवलेला. खेळपट्टी आम्ही बायकांनी केली होती. आधी माती चोपली, मग अंगण सारवतो तशी शेणानं सारवली, आणि कोणी तरी हौसेनं कडेला रांगोळीही ओढली. माझा भाऊ दिलीप, क्लबचा कप्तान, ती पुसताना जे काही बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. पंच बाबा होते. गुरुजी म्हणजे निःपक्षपाती, असं दोन्ही गावांना मान्य होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरचा पांढरा कोट मागून आणला होता, तो त्यांना गुडघ्याखाली यायचा. खांबावर भोंगा बांधला होता, खाली टेबल, टेबलावर माईक, आणि माईकपाशी गळ्यात लाल रुमाल टाकलेला आमचा मामा. समालोचन त्याच्याशिवाय कोण करणार?

मायने मला सकाळी तिची निळी साडी नेसायला लावली. मामाने तिला तेवढंच सांगितलं होतं, पाहुणे आहेत, पोरगी जरा नीट दिसू दे. मलाही बरंच वाटलं. आम्ही सगळ्या जणी पूर्वेकडच्या धुऱ्यावर बसलो होतो. माय उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन विळ्यानं एकेक शिंगाडा फोडत होती, मी आणि माझी मैत्रीण कुसुम खात होतो आणि पाहुण्या संघाची टर उडवत होतो. त्यांचा कप्तान गोलंदाज होता, उंच, किडमिडा, आणि धावायला लागला की धानात चालणाऱ्या बगळ्यासारखी एकेक तंगडी उचलून टाकायचा. झालं. आम्ही त्याला बगळा करून टाकलं. तो धावायला लागला की कुसुम आणि मी सुरात म्हणायचो, "आला बगळा, आला बगळा," आणि बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. त्यानं आमच्या गावचे दोन चांगले फलंदाज उडवले, तेव्हा मात्र आमचा सूर जरा खाली आला.

एकदा चेंडू आमच्या धुऱ्यापाशी आला. बगळा तो उचलायला धावत आला, वाकला, आणि आमच्याकडं न पाहताच म्हणाला, "बगळा म्हना, पन बगळ्याचा नेम चुकत नाई." कुसुम खिदळली. त्याच्या कपाळावर शेणमातीचा पट्टा लागला होता आणि तो हसत होता. मी शिंगाडा सोलत बसले, तो सोलून झाला तरी सोलतच बसले. कुसुमने मला कोपर मारलं.

मामा तर रंगात आला होता. घरी तो आमच्यासारखंच बोलायचा, पण माईक हातात आला की नाटकातली भाषा सुरू. साधी एक धाव निघाली तरी "रसिकहो, पाहा, हा वीर निघाला" म्हणायचा. मधेमधे बक्षिसं जाहीर करायचा. आमच्याकडं कप-बिप नंतर आले, तेव्हा षटकार मारणाऱ्याला गावरान कोंबडा, गडी बाद करणाऱ्याला भोपळा. शिवाय कोणाची म्हैस सुटली, कोणाचा पोरगा हरवला, नाटकाचा पडदा किती वाजता उघडणार, सगळं त्याच भोंग्यावरून. आमच्या भागात भोंग्याला फार मान होता. एकदा भोंग्यावर गेलेली गोष्ट मागं घेतलेली मी पाहिली नव्हती. तीन-चार गावांची माणसं समोर बसलेली असायची, रात्रीपर्यंत ती गोष्ट जंगलापलीकडच्या गावात पोचायची आणि मग ती झालीच समजायची.

दिलीप फलंदाजीला होता, समोरून बगळा गोलंदाजी करत होता. बाबा यष्ट्यांमागं हात बांधून उभे. दिलीपने एक चेंडू उचलून मारला, तो धुऱ्याच्या अलीकडंच पडला, सगळे हळहळले. मामाने सांगितलं की षटकारासाठीचा कोंबडा अजून तसाच बांधलेला आहे. मग घसा साफ केला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, कारण तो आवाज तो नाटकात फार मोठ्या प्रसंगापूर्वीच काढायचा.

"रसिकहो, आजच्या या मंगल प्रसंगी एक आनंदाची वार्ता. या गावचे आदरणीय गुरुजी, यांची कन्या, माझी सख्खी भाची सुजाता, आणि आपल्यासमोर आपल्या गोलंदाजीचं कसब दाखवत असलेले पाहुण्या संघाचे कप्तान रमेश, यांची सोयरीक आज पक्की झालेली आहे. साक्षगंध याच महिन्यात आणि लग्न उन्हाळ्यात. सर्वांनी टाळ्यांनी शुभेच्छा द्याव्या."

लोकांनी दिल्या. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या, बायका माझ्याकडं वळल्या, कुणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली. मला वाटलं, दुसरी कोणी सुजाता असेल. खरंच वाटलं. मी मान वळवून शोधलंही, आपल्या गावात अजून कोण सुजाता आहे. कुसुम माझ्याकडं पाहत होती आणि तिच्या तोंडात शिंगाडा तसाच होता. उन्हाळा म्हणजे परीक्षा, परीक्षेनंतर नर्सिंगचा अर्ज, आणि तिथंच मामाने माझं लग्न ठेवून दिलं होतं, कोंबड्याच्या बाजूला.

मी मैदानाकडं पाहिलं. रमेश धावत येत होता तो मधेच थांबला. चेंडू त्याच्या हातून खाली पडला आणि घरंगळत गेला, त्यानं उचलला नाही. त्याचं तोंड पाहून मला कळलं की यालाही कोणी सांगितलेलं नाही. दिलीप बॅट टाकून भोंग्याकडं पाहत होता, जणू भोंगा खाली उतरून खुलासा करणार होता. आणि मग मी बाबांकडं पाहिलं. सगळे त्यांच्याकडंच पाहत होते. मला वाटलं, आता बाबा हात वर करतील, थांबा म्हणतील, सभेत उठून बोलतात तसं बोलतील. बाबा वाकले आणि त्यांनी यष्ट्यांवरच्या बेल्स नीट केल्या. त्या पडल्या नव्हत्या. तरी त्यांनी त्या उचलल्या, पुन्हा ठेवल्या, पुन्हा उचलल्या. त्या लांब कोटात वाकलेले माझे बाबा पाहून मला जो धक्का बसला तो मामाच्या बातमीनंही बसला नव्हता. पुढं मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात काम केलं, नको नको ते पाहिलं, पण एखाद्या माणसाबद्दलचा आपला समज एका क्षणात ढासळताना पाहिला तो त्या दुपारी पहिल्यांदा.

माय विळा ठेवून उठली. मला वाटलं घरी निघाली, पातेल्याखालचा जाळ पाहायला. पण ती धुरा उतरून सरळ मैदानात शिरली. माझी माय, जी गुरुजींची बायको असून विहारात कधी पुढच्या सतरंजीवर बसली नाही, जिला चार माणसांत नाव विचारलं तरी पदर तोंडाशी न्यायची, ती भर सामन्यात धसकटं तुडवत, खेळपट्टी ओलांडत, बाबांच्या अगदी समोरून गेली. त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही. मागं कोणी तरी हसलं आणि मग कोणीच हसलं नाही. मामाने तिला येताना पाहिलं आणि त्याला वाटलं, बाई आनंदाने येते आहे. त्यानं दोन्ही हात पसरले. मायने त्याच्या हातातून माईक काढून घेतला.

तिला तो कसा धरतात ते माहीत नव्हतं. आधी नुसती शिट्टी वाजली, मग तिचा श्वास ऐकू आला, सगळ्या बांध्यांवरून, एवढा मोठा.

"मी सुजाताची माय बोलून राह्यली. माह्या पोरीची सोयरीक जमली नाई. शालिकनं सांगतलं ते आमाले विचारून नाई सांगतलं. पोरगी शिकून राह्यली, तिले नर्स व्हायचं आहे. पाहुन्यायनं राग धरू नये. सयपाक झाला आहे, जेवून जा."

एवढंच. माईक तिनं टेबलावर ठेवला, पण तो बंद करायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून पुढचंही सगळ्यांनी ऐकलं. मामाचा आवाज आला, नाटकातला नव्हे, घरातला. "बाई, माहा शब्द गेला. एकट्याले बोलावून सांगतलं असतं तं?"

"तू मले एकटीले विचारलं होतं का, शालिक?"

मग कोणी तरी वायर उपटली. मामा तिथंच उभा होता, हात अर्धवट पसरलेले, आणि मला त्या वेळी, माझा संसार परस्पर लावून देणाऱ्या त्या माणसाची, पोटातून दया आली. मामाला वाटत होतं की त्यानं मला सोन्याची माळ घातली. आमच्याकडं भाचीच्या लग्नात मामाचा शब्द पहिला. रमेश चांगला होता, खाणीत नोकरी होती, घर चांगलं होतं, आणि अख्ख्या मंडईसमोर नाव पुकारलं जाणं यापेक्षा मोठा मान भाचीला तो काय देणार? एवढ्या हौसेनं कोणाचं नुकसान करता येतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

सामना पुढं झाला, पण समालोचनाशिवाय. बॅटीचा आवाज आणि कावळे, दुसरं काही नाही. रमेशने राहिलेले चेंडू टाकले, पण सगळे भलतीकडं. दिलीपला षटकार मारता आले असते, पण त्यानं एकही मारला नाही. कोण जिंकलं ते कोणी विचारलं नाही. पाहुण्यांनी बैलगाड्या जुंपल्या आणि ते न जेवता निघाले. आमच्याकडं यापेक्षा मोठी शिक्षा नाही. घरी परातभर वडे, घमेलंभर भात आणि जेवायला त्यांच्यातला एक माणूस नाही. मामाही त्यांच्याच गाडीत बसून गेला. जाताना मायच्या पाया पडायची त्याची रीत होती. त्या दिवशी त्यानं गाडीतून मान वळवली नाही. त्यानंतर मंडईला वेशीवरून "बाई" अशी हाक आली नाही. मायने दर वर्षी एका माणसाचं जास्त रांधलं, आणि मामा कुठल्या तरी दुसऱ्या गावात मिशी पिळत राहिला. तो वारला तेव्हा माय त्याच्या घरी गेली. त्याच्या उशाशी ती बसली होती, आणि रडताना ती त्याला लहानपणीच्या नावानं हाक मारत होती.

आता लोक मायची गोष्ट सांगतात तेव्हा फार छान करून सांगतात. मध्यंतरी तालुक्याच्या ठिकाणी तिचा सत्कार करायचं काही बायकांनी ठरवलं होतं. माय म्हणाली, माहा भाऊ गेला त्याच्यात, शाल कायची देता? आणि भाजी निवडायला बसली. बाबांनी तर तो विषय घरात कधी काढू दिला नाही. माझ्या नर्सिंगच्या अर्जावर मात्र त्यांनी स्वतः सही केली, मला एसटीत बसवलं, आणि खिडकीपाशी उभे राहिले ते गाडी सुटेपर्यंत. बोलले काहीच नाहीत. मीही त्यांना काही बोलले नाही. आमचं दोघांचं ते तसंच राहून गेलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. माणसं पांगली तेव्हा मी आणि माय मागं राहिलो. ती पुढं, मी मागं, धुऱ्यावरून घरी चाललो होतो. मला तिला मिठी मारायची होती, पण आमच्याकडं तशी पद्धत नव्हती. मी रिकामी टोपली धरून तिच्यामागून चालत होते. गाव जवळ आलं तशी माय एकाएकी थांबली आणि मागं वळली. तिचं तोंड असं झालं होतं, की मला वाटलं तिला भोवळ येते आहे.

"सुजा," ती म्हणाली, "मीनं बी तुले विचारलं नाई, बाई. पोरगा तुले पसंत होता का?"

"मले शिकायचं आहे," मी म्हणाले.

"ते तं मले ठाऊक आहे. मी दुसरं विचारून राह्यली."

तोपर्यंत त्या दिवसात मला कोणी काही विचारलंच नव्हतं. मामाने नाही, बाबांनी नाही, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांनी नाही. खोटं बोलायचं सुचलंही नाही.

"होता," मी म्हणाले.

माय धुऱ्यावर मटकन बसली. तिच्या लुगड्याला कुसळं चिकटली होती, ती एकेक करून काढू लागली. मी तिच्या बाजूला बसले. मग ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तरी बी मीनं हेच केलं असतं."

मला ते माहीत होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि दुपारपासून पहिल्यांदा मला रडू आलं.